झिमाचं छप्पर

सोंडाईच्या डोंगराची ही जी सोंड दरीकडं उतरते ना, तिच्या पार टोकाला ते एकटं घर दिसतंय बघा. कुडाच्या भिंती, वर नवंकोरं गवताचं छप्पर, आणि दाराच्या जागी नुसती चौकट. तुम्ही पाहुणे वर येता, फोटो काढता, आणि कुणीतरी विचारतंच, की बाबा, वाडीतली सगळी घरं पत्र्याची झाली, कौलाची झाली, मग या एकाच घरावर दर साली गवत कोण घालतं? आत तर कुणी राहत नाही. आता विचारलंत तर सांगावं लागतं. आमच्या वाडीत तसा दंडकच आहे, आणि सांगताना काही गाळायचं नाही हाही दंडक आहे. तेव्हा बसा जरा. उन्हं कलायला अवकाश आहे.

आधी हे गवत बघा. याला आम्ही रोशा म्हणतो. एक पान चुरगळा आणि हुंगा. अहो, घाबरताय काय, विष नाही ते! गुलाबासारखा गोड वास, आणि मागून थोडी सुंठ लागते, हो ना? वाळून काटकी झालं तरी हा वास जात नाही. हे दर साली पेरावं लागत नाही. ठोंब आपला डोंगराला धरून बसलेला असतो, पावसात फुटतो, कार्तिकात तुरा धरतो, मार्गशीर्षात बी झडतं. बी झडल्यावर कापलं तर ठोंबाला काही होत नाही, माणसांच्या चार पिढ्या तो बघतो. हिरवेपणी विळा लावला तर मात्र मूळ उपाशी पडतं आणि दोन-चार सालांत ठोंब मरतो.

म्हणून जुन्या लोकांनी बंदी घातली. आषाढापासून मार्गशीर्षी पुनवेपर्यंत सोंडेवर विळा न्यायचा नाही. पुनवेला विळा सुटायचा. सगळी वाडी एकदम कापायची, भारे घरटी सारखे वाटून घ्यायची, आणि त्यावर वर्षाचं छप्पर व्हायचं. राखणीला वाडी एक माणूस नेमायची, तो राखणदार. सोंडेवर त्याचा शब्द शेवटचा. पागोट्यात रोशाचा तुरा खोवायचा मान फक्त त्याला.

तर म्हणे त्या काळी खेवजी भांगरे नावाचा राखणदार होता. अंगानं धिप्पाड, बोलायला मोजका, आणि बंदीच्या बाबतीत एकदम कडक. एकदा स्वतःच्या मेहुण्याचा विळा त्यानं हिसकून दरीत फेकला होता. सोंडाई देवीच्या पाषाणावर हात ठेवून त्यानं शपथ घेतली होती, की माझ्या डोळ्यांदेखत एक काडी तुटायची नाही. लोकांचा त्याच्यावर इतका विश्वास, की भावाभावांचं भांडण लागलं तरी म्हणायचे, चला, खेवजीला विचारू. हा विश्वास त्याला फार आवडायचा. त्यातच पुढचं सगळं आलं.

त्या साली पाऊस लांबला. खेवजीच्या घराचं आढं त्यानं पावसाआधी नीट बांधलं नव्हतं. गावाची राखण करण्यात आपल्या घराकडं बघायचं राहून गेलं, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे आळस. आढ्यातून पाणी आत गेलं आणि माळ्यावर ठेवलेले जादाचे भारे कुजून काळे पडले. त्याच्या बायकोनं, सगुणानं, ते एकटीनं उचलून उकिरड्यात टाकले. कुणाला दाखवले नाहीत.

आणि नेमकं कार्तिकात हौसाचं जमलं. हौसा म्हणजे त्याची थोरली मुलगी. सोयरे खालच्या मोठ्या गावचे. निरोप आला, दहा दिवसांनी घर बघायला येतो, पसंत पडलं की सुपारी फोडू. पुनवेला तेव्हा पंचवीस दिवस होते. पंचवीस दिवस म्हणजे काय हो? व्याह्यांना कळवता आलं असतं, की पुनव झाल्यावर या. शेजाऱ्याकडं चार जुन्या पेंढ्या मागता आल्या असत्या, कुणी नाही म्हणालं नसतं. पण राखणदाराच्याच घराला भगदाड आणि राखणदारच पेंढी मागत फिरतोय, हे त्याला सोसेना. नाकाचा प्रश्न झाला.

वाडी खळ्यावर भात झोडत असताना, भर दुपारी, खेवजी सोंडेच्या मागच्या घळीत उतरला. तिथं कुणी जायचं नाही. तुरे अजून हिरवे होते. त्यानं विळा लावला. गवत तिथंच चार दिवस वाळवलं आणि मग थोडं थोडं करून घरी आणलं, आढं बांधलं, छप्पर शाकारलं. लोकांना वाटलं, माळ्यावरचं गेल्या सालचं असेल. सगुणानं फक्त एकदा विचारलं, "कुठलं आणलंत?"

"माळ्यावरचं हाय," तो म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग वाकली आणि राहिलेली ओसरी सारवायला लागली.

इथं आता झिमाची गोष्ट येते. झिमा ही सोंडेच्या टोकाला, त्या घरात राहायची. तिचा नवरा मध काढताना कड्यावरून गेलेला. मूलबाळ नाही. घरात ती आणि तिचा आंधळा सासरा, वाळूआबा. माहेरी निघून गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण म्हाताऱ्याला टाकून जायचं तिच्या मनात आलं नाही. थंडी पडली की आबांचे गुडघे धरायचे. रोशा तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा आणि शेकायचं, हे औषध आमच्याकडं आजही करतात. बंदीत औषधापुरतं मूठभर न्यायची मुभा होती, पण राखणदाराला विचारून. तशी झिमा त्याच आठवड्यात खेवजीला भेटली होती. "दादा, आबांचे गुडघे लई ठणकत्यात. मूठभर रोशा नेऊ का?"

"ने की," खेवजी म्हणाला होता. "औषधाला काय विचारायचं, माझे बाई!"

दोन दिवसांनी एक बाई सरपणाला घळीत उतरली आणि कापलेले ठोंब बघून बोंबलत वर आली. सगळी वाडी सोंडाईच्या पाषाणापुढं गोळा झाली. अशा वेळची एक रीत होती. सगळ्यांनी ओळीनं उभं राहायचं, हात पुढं करायचे, आणि राखणदारानं एकेकाचे हात हुंगत जायचं. रोशाचा वास आठ-आठ दिवस बोटांतून जात नाही, त्यावर ही रीत बसवलेली. आणि राखणदाराचे हात कुणी हुंगायचे नाहीत, कारण तो रोज गवतातच फिरणारा. खेवजीनं सकाळी तीनदा राखेनं हात घासले होते. तशी गरज नव्हती, पण घासले.

तो हुंगत चालला. शेणाचे हात, भाताच्या कोंड्याचे हात, तंबाखूचे हात. प्रत्येक हातावर वाकताना त्याला स्वतःच्याच हातांचा वास यायचा. मग झिमा आली. तिच्या हाताला रोशाचा भपकारा. तिनं लपवलाही नव्हता, उलट हसून म्हणाली, "आबांना शेकलं की मी. दादांना विचारून मूठभर आणला हुता. सांगा की वो दादा."

सगळे खेवजीकडं बघायला लागले. वाडीत सटूआजी नावाची सगळ्यांत म्हातारी बाई होती. ती म्हणाली, "विचारून आणला आसंल तर तिचा काय दोष? मग आपण आता घराघरांची छपरं बघत जाऊ. एवढं गवत कुठंतरी गेलंच आसंल ना."

पाहुणे, खेवजीला फक्त "हो" म्हणायचं होतं. लहान पोर म्हणेल इतकं सोपं. पण छपरं बघायला माणसं निघाली असती तर पहिलंच घर त्याचं लागत होतं, आणि परवा व्याही यायचे होते. खेवजी जमिनीकडं बघत म्हणाला, "मला काय ध्यानात न्हाई."

झिमाला आधी वाटलं, तो विसरला. "आवं दादा, उंबराखाली नव्हता का तुमी, म्हशीला पाणी पाजत? म्या म्हटलं, नेऊ का, तुमी म्हटलं..." मग तिनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि बोलायची थांबली. त्याच्या तोंडावर तिला काय दिसलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

चोर सापडली, आता छपरं कशाला बघायची, असं वाडीनं ठरवलं. बंदी मोडली की शिक्षा ठरलेली होती. घरावरचं छप्पर उतरवायचं आणि वर्षभर त्या घराला गवत द्यायचं नाही. सगळी वाडी टोकावर गेली. पहिली पेंढी राखणदारानं ओढायची असते. खेवजीनं ओढली. मग बाकीच्यांनी ओढल्या आणि रीतीप्रमाणे घरटी एकेक पेंढी वाटून घेतली. आत वाळूआबा बाजेवर बसले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. डोक्यावरचं गवत गेलं तसं ऊन त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी तोंड वर केलं आणि म्हणाले, "झिमे, दार उघडलंस का गं? लई ब्येस ऊन आलंय."

"हां आबा," झिमा म्हणाली. "उघडलंय."

ज्यांच्या हातात पेंढ्या होत्या त्यांनी त्या खाली ठेवल्या नाहीत. हेही सांगायचं असतं. एकट्या खेवजीवर सगळं ढकलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झिमानं सासऱ्याला पाठकुळी घेतलं, एक गाठोडं कमरेला बांधलं आणि सगळ्यांच्या ओसरीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून घाटवाटेनं कोकणात उतरून गेली. कुणी थांब म्हणालं नाही. खेवजीच्या दारावरून जाताना आबांनी म्हणे नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, "कुणाच्या घरावर गं ताजा रोशा?" झिमा पुढं चालत राहिली. आत सगुणा भाकऱ्या थापत होती. तिनं तवा उतरवला आणि चूल विझवली. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही.

व्याही आले. छपराकडं बघून खूश झाले. "वा! घर कसं घमघमतंय," म्हणाले. सुपारी फुटली, लग्न लागलं, हौसा सासरी गेली. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं, आणि खेवजीच्या घशाखाली घास उतरेना. कारण हातांचा वास जाईना. आठ दिवसांत जायचा तो महिन्यानंही जाईना. राख, माती, चिंच, शेण, सगळं झालं. भाकरी तोडली की वास. तोंड धुवायला ओंजळ भरली की वास. कुणाला राम राम करताना हात जोडले की त्याला वाटायचं, आता यानं ओळखलं. आणि लोक काय म्हणायचे? "राखणदाराच्या हाताला रोशाचा वास येणारच की!" कौतुकानं म्हणायचे. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वाडीत भांडण झालं की अजून त्यालाच बोलावायचे. तो तोंड लपवून बसायला लागला. पागोट्यातला तुरा काढून ठेवला तर लोक म्हणाले, खेवजीला आता मोठेपणा नको झालाय, केवढा साधा माणूस!

सगुणा घरात सगळं करायची, रांधायची, वाढायची, पण आपणहून एक शब्द बोलायची नाही. एकदाच बोलली. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री खेवजी जागा होता, छप्पर एक थेंबही गळत नव्हतं. ती अंधारातून म्हणाली, "तिकडं म्हाताऱ्यावर छप्पर हाय का नाय, कुणास ठाऊक." मग कूस वळवली.

श्रावणात तो टोकावर गेला. छप्पर उतरवल्यापासून त्याचे पाय तिकडं वळले नव्हते. चार भिंती, आभाळ वर उघडं, आत चिखल. आणि जिथं आबांची बाज होती तिथं, बरोबर तिथं, रोशाचा एक ठोंब फुटलेला. गुडघ्याएवढा, हिरवागार. त्या मूठभर औषधातलं बी पडलं असेल, दुसरं काय. काही म्हणतात सोंडाईनं लावला. जे काही असेल ते असो. खेवजी त्या चिखलात बसला आणि मोठ्यानं रडला. एवढा धिप्पाड माणूस, पोरासारखा हुंदके देत. "मूठभर होता, बये, मूठभरच होता," असं काहीतरी बोलत होता म्हणे.

मार्गशीर्षी पुनव आली. सगळी वाडी विळे घेऊन सोंडेवर जमली. पहिली मूठ राखणदारानं कापायची. खेवजीनं विळा जमिनीवर ठेवला, डोक्याचं पागोटं काढलं आणि दोन्ही हात पुढं केले. "आधी माझे हुंगा," म्हणाला.

लोक हसले. "राखणदाराचे हात हुंगायची रीत न्हाई," कुणीतरी म्हणालं. तो एकेकापुढं जाऊन हात धरायला लागला, तसे लोक मागं सरकायला लागले. काहींना तेव्हा उमजलं असणार. पण उमजून घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरावर झिमाची एकेक पेंढी होती. शेवटी सटूआजीनं त्याचे हात धरले, हुंगले, आणि सोडून दिले. म्हणाली, "खेवजी, रोशाचा वास येतोय. तो आज सगळ्यांच्याच हाताला येईल. तुला काय म्हणायचंय ते तोंडानं म्हण, बाबा."

मग त्यानं तोंडानं सांगितलं. घळ, विळा, व्याही, उंबराखाली झिमा भेटली ते, आपण ने म्हणालो ते, आणि पुढं "ध्यानात न्हाई" म्हणालो ते. मग एका बाईनं हळूच विचारलं, "मग आमच्या घरावर ती पेंढी हाय, तिचं काय करायचं?" आणि ती आपल्याच पदरात तोंड खुपसून रडायला लागली.

खेवजी तसाच बोडक्यानं घाट उतरला. तिसऱ्या दिवशी, एका गावाच्या खळ्यावर, झिमा भात झोडताना सापडली. त्यानं पागोटं तिच्या पायांशी ठेवलं आणि सगळं कबूल केलं. ती झोडायची थांबली नाही. सगळं ऐकलं आणि मग म्हणाली, "आबा गेले. आषाढात."

त्याला वाटलं, आपण म्हातारा मारला. तिनं ते ओळखलं. "तुमच्यामुळं न्हाई गेले. हितं छप्पर हुतं. वय झालं, गेले. पण जायच्या आधी रोज विचारायचे, झिमे, मला खरं सांग, तू तोडलंस का गं? म्या न्हाई म्हनायची. ते म्हनायचे, बरं. आन् दुसऱ्या दिशी परत विचारायचे. मरायच्या दिशी बी विचारलं. आता तुमी मला सांगताय, दादा. मला ठावंच हुतं की."

त्याचं खरं बोलणं पाच महिने उशिरा आलं होतं, आणि ज्याला ऐकायचं होतं तो नव्हता. खेवजीनं विचारलं, "मी काय करू, ते तरी सांग."

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. म्हणाली, "वाडीत सांगितलंत, ते एकदा. दर साली सांगा. वाटसरू इचारंल त्याला बी सांगा. आबांचं नाव घेऊन सांगा, माझं घ्या, तुमचं बी घ्या. लाज वाटंल म्हून काय गाळू नका."

"आणि घर? घरावर छप्पर घालतो. तू ये."

"घाला," ती म्हणाली. "दार लावू नका. आबांना ऊन लई ब्येस वाटलं हुतं. यायचं का न्हाई, ते माझं मी बघीन."

खेवजी परत आला आणि त्यानं आधी स्वतःच्या घराचं छप्पर उतरवलं. ते टोकावर नेऊन स्वतःच्या हातानं झिमाच्या घरावर घातलं. वाडीतल्या प्रत्येक घरानं आपापली पेंढी आणून दिली. त्या साली राखणदाराचं घर शेवटी शाकारलं गेलं. सगुणा पेंढ्या वर फेकत होती, तो बांधत होता. त्या दिवशी ती त्याच्याशी बोलली म्हणतात, पण काय बोलली ते आमच्यापर्यंत आलेलं नाही. राखणदारी त्यानं सोडून देतो म्हटलं. वाडीनं ऐकलं नाही, तुझ्याच घरात राहू दे, म्हणजे सांगणं चुकायचं नाही, म्हणाली.

झिमा आली नाही. खेवजी एकवीस वर्षं दर पुनवेला छप्पर घालून घाटवाटेकडं बघत बसायचा. तो गेला आषाढात, सोंडेवर नुसते कोंभ होते तेव्हा. आंघोळ घालणाऱ्यांना त्याच्या हातांना रोशाचा वास आला, असं सांगतात.

आजही मार्गशीर्षी पुनवेला विळा सुटायच्या आधी राखणदार डोकं उघडं करून हात पुढं करतो, आणि लहानथोर सगळे ते हुंगतात. मग तो हे सगळं सांगतो, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. पहिले भारे त्या घराला जातात. आत अजून तो ठोंब आहे, त्याला विळा लावत नाहीत. गावात आता गवताची घरं राहिली नाहीत, तरी ही राखण चालू आहे, आणि ती अजून खेवजी भांगऱ्यांच्याच घरात आहे.

हे घ्या हात, पाहुणे. हुंगा. लाजू नका हो, लाजायचं ते आमचं आम्ही लाजतो. आणि घाटवाटेनं खाली उतरणार असाल तर एक करा. कोकणात झिमाच्या नात्यागोत्यातलं कुणीही भेटलं, तर सांगा, यंदाचं छप्पर घालून झालंय. दार उघडंच आहे म्हणावं.